परतीच्या नळीवरची बोटं

होळी होऊन दोन-तीन दिवस झाले की माझा फोन वाजायला लागतो. थंडीभर ज्यांना माझं नाव आठवत नाही, ते सगळे एकाच आठवड्यात मला शोधतात. एसी थंड करत नाही, गॅस संपलाय, भरायला या. आजार कोणता आणि औषध कोणतं हे दोन्ही तेच ठरवून मोकळे होतात, मी फक्त सुई टोचायला जायचं. पिंपळे गुरवला आमच्या गल्लीत तेव्हा कडुनिंब फुललेला असतो, दुपारी नदीकडून एक कुबट वास येतो, आणि दोन्ही वास मिसळले की सीझन लागला असं मी समजतो. धंद्यातले लोक उन्हाळा म्हणत नाहीत, सीझन म्हणतात.

या सीझनची सुरुवात बहुतेक वेळा भाऊंना सोडवण्याने होते. आमच्या पिंपरी-चिंचवडला खिडकीतल्या एसीची पाठ थंडीत फ्लेक्सने बांधून ठेवायची पद्धत आहे. धूळ जाऊ नये, कबुतराने घर करू नये म्हणून. आणि फ्लेक्सचा इथे कधी दुष्काळ पडला नाही. कोणाचा ना कोणाचा वाढदिवस असतोच, दुसऱ्या दिवशी तो फ्लेक्स उतरतो आणि एखाद्या एसीला गुंडाळला जातो. मग चार महिने कोणीतरी भाऊ गॉगल लावून तिसऱ्या मजल्यावरून रस्त्याकडे हसत बसतात. मार्चमध्ये घरातली माणसं आतून बटण दाबतात आणि बाहेरचे भाऊ विसरून जातात. गरम हवेला जायला वाट नसते, मशीन तापतं, धापा टाकतं, बंद पडतं. मी जातो, सुतळी कापतो, फ्लेक्सची घडी घालून हातात देतो आणि एसी चालू होतो. लोक खूश होतील असं कोणालाही वाटेल. ते नाराज होतात. गॅस भरलाच नाही तर मी केलं काय, असा चेहरा असतो.

हा गॅस पेट्रोलसारखा जळून संपत नाही, हे मी गेली तीस वर्षं सांगत आलोय. तो तांब्याच्या बंद नळ्यांमधून गोल फिरतो. खोलीतली उष्णता उचलतो, खिडकीबाहेर टाकतो, परत आत येतो. नळ्या शाबूत असतील तर माणूस म्हातारा होईल पण गॅस तेवढाच राहील. कमी झाला म्हणजे कुठेतरी भोक आहे. ते भोक शोधायचं, साबणाचा फेस लावून बघायचं, बुडबुडा आला की तिथे ज्योतीने धातू वितळवून टाका मारायचा, आणि मगच गॅस भरायचा. भोक तसंच ठेवून दर उन्हाळ्यात गॅस भरणारे मेकॅनिक पुष्कळ आहेत आणि त्यांना माझ्यापेक्षा जास्त काम मिळतं. लोकांना ते आवडतात. मला त्याचं आता काही वाटत नाही.

यंदाच्या पहिल्या आठवड्यातल्या फोनमध्ये एक फोन मिलिंदचा होता. "भाऊ, ओळखलं का?" एवढंच म्हणाला. ओळखणार नाही कसा? सात वर्षं आम्ही एकाच मोटरसायकलवर फिरलो होतो. पुढे मी, मागे तो, आणि दोघांच्या मध्ये उभी धरलेली गॅसची टाकी. त्याने एक जुना विंडो एसी घेतला होता आणि तो नीट थंड करत नव्हता. मी हसून म्हणालो, तू स्वतः एवढा मेकॅनिक, तुला माझं काय काम? तेव्हा तो अगदी साध्या आवाजात म्हणाला, "नाही भाऊ, मी आता त्याला हात लावत नाही. चाकणच्या त्या कामानंतर सोडलंच ते." गुरुवारी कंपनीला सुट्टी असते, गुरुवारी या म्हणाला. मी बरं म्हणालो. फोन ठेवल्यावर शोभाने, म्हणजे माझ्या बायकोने, कोण होतं म्हणून विचारलं. मी म्हणालो, गिऱ्हाईक.

चाकणचं ते काम चार वर्षांपूर्वीच्या सीझनमधलं. तो उन्हाळा मला तुकड्यातुकड्यांत आठवतो. पत्र्याच्या शेडमध्ये तापलेल्या ऑइलचा वास. खराबवाडीच्या बाजूला ट्रकच्या रांगेत अडकलेली मोटरसायकल आणि पाठीला चिकटलेला शर्ट. वजनकाट्याच्या केबिनमधला एसी, ज्याच्या मागच्या बाजूला साळुंकीने तारांचं घर केलं होतं आणि काट्यावरचा माणूस पिल्लं उडेपर्यंत घामात बसायला तयार होता. राजगुरुनगरच्या एका दवाखान्यात जाळीतून निघालेला केसांचा आणि पावडरचा लगदा. आम्ही हसायचो, भांडायचो, उसाचा रस प्यायचो. मिलिंदचं लग्न होऊन वर्ष झालं होतं आणि तो रोज डब्याचं कौतुक करायचा. हे सगळं मला दिसतं, ऐकू येतं. पण ते आठवताना जे वाटायला हवं ते वाटत नाही. दुसऱ्याच कोणाच्या तरी घरातले फोटो बघावेत तसं होतं.

आमची कामाची वाटणी ठरलेली होती. टाका मिलिंदचा, गॅस माझा. मिलिंद गायकवाड पिंपरीचाच, वडील कंपनीत वेल्डर होते, त्यामुळे आगीची भीती त्याला लहानपणापासून नव्हती. ज्योत तांब्यावर फिरवता फिरवता रंग बदलतो त्या क्षणी तो कांडी टेकवायचा आणि धातू सांध्याभोवती आपोआप फिरायचा. मनगटात बारीक बांगडी असावी तसा टाका दिसायचा. मग फेस लावायचा आणि पापणी न हलवता दहा मिनिटं बघत बसायचा. मी कंटाळायचो. बुडबुडा येणार नाही हे त्यालाही माहीत असायचं, तरी बसायचा.

गॅस किती भरायचा हे मी बोटांनी ठरवायचो. त्यासाठी मीटर असतात, ते आमच्या पिशवीतही होते, पण मी धाराशिवहून आलो तेव्हा पिंपरीत ज्या उस्तादांच्या हाताखाली शिकलो, ते मीटरला नवशिक्याची काठी म्हणायचे. गार झालेला गॅस ज्या नळीतून परत मशीनकडे येतो, ती परतीची नळी. तिच्यावर काळ्या स्पंजाचं वेष्टन असतं. त्याच्या खाली उलटी बोटं सरकवायची, म्हणजे नखांची बाजू, आणि दुसऱ्या हाताने टाकीची चावी सोडायची. नळी आधी कोमट असते, मग गार होते, मग तिला घाम फुटतो. घाम फुटून वर थोडासा चटका बसला की चावी बंद. एवढंच. डोळ्यांना तिथे काही दिसत नाही. पण माझी बोटं चुकत नव्हती आणि मला त्याची घमेंड होती. मिलिंद कधी म्हणायचा की भाऊ, मीटर लावू का, तर मी म्हणायचो, राहू दे त्याला पिशवीत, ऊन लागेल बिचाऱ्याला.

त्या वर्षी संक्रांतीनंतर एकदा चालता चालता माझ्या पायातली चप्पल निघून गेली आणि मला कळलं नाही. दहा पावलं गेल्यावर एका बाईने सांगितलं. मी ते हसण्यावारी नेलं. मग शर्टची बटणं लावायला वेळ लागायला लागला. चहाचा कप गरम आहे हे तोंडाला लावल्यावर कळायला लागलं. साखर मला सहा वर्षांपासून होती आणि गोळ्या मी आठवण झाली की घ्यायचो. बोटांच्या टोकांवर कोणीतरी मेण ओतल्यासारखं झालं होतं. मी कोणाला बोललो नाही. सीझन तोंडावर होता आणि माझं सगळं काम त्या बोटांवर होतं. जास्त वेळ धरलं की कळतं, असं मी स्वतःला सांगितलं.

चाकणची ती कंपनी गाड्यांचे छोटे भाग बनवायची. तिथे एक मापांची खोली होती. बाहेर प्रेसचा धडाका आणि आत कपाटात मखमलीवर ठेवलेले स्टीलचे ठोकळे, ज्यांच्यावरून बाकी सगळी मापं तपासतात. ती खोली कायम वीस डिग्रीला ठेवावी लागते, नाहीतर लोखंड वाढतं आणि माप खोटं होतं, असं तिथल्या क्वालिटीच्या साहेबांनी मला समजावलं होतं. खिडकीत एक जुना दणकट एसी होता, त्यातला गॅस गळत होता. आम्ही मशीन बाहेर ओढलं. मिलिंदने भोक शोधलं, टाका मारला, त्याची दहा मिनिटं बसला. मग तो जाळ्या धुवायला नळावर गेला आणि मी गॅस भरायला बसलो. स्पंजाखाली बोटं घातली. नळी गार होईना. मी चावी सोडली, थांबलो, अजून सोडली. साहेब शेजारी उभे राहून त्यांच्या मुलीच्या बारावीबद्दल बोलत होते आणि मी हो हो करत होतो. कधीतरी गार लागल्यासारखं वाटलं. मी हात काढला, तेव्हा नखांवर पांढरं काहीतरी होतं ते पँटला पुसलं. बर्फ होता तो. मी तेव्हा त्याचा विचार केला नाही.

तिसऱ्या दिवशी साहेबांचा फोन आला. मशीन जाम झालं होतं, खोली तापली होती आणि दुसऱ्या दिवशी मोठ्या कंपनीची माणसं तपासणीला येणार होती. आम्ही भर दुपारी पोचलो. चाकणला कुठल्याही कंपनीत आत जायचं तर गेटवर पिशवीतलं एकेक हत्यार वहीत लिहून द्यावं लागतं, पाना किती, पक्कड किती. नाहीतर जाताना तेच हत्यार चोरीचं ठरतं. पुढे चार जण होते. साहेबांचा माणूस घाई करत होता, म्हणून मी एक पाना खिशात घेऊन त्याच्याबरोबर पुढे गेलो आणि मिलिंद पिशवी घेऊन रांगेत थांबला.

मला खोलीत सोडून तो साहेबांना बोलवायला गेला आणि मी मशीनच्या भरायच्या नळीचं झाकण ढिलं केलं. गॅस आहे की नाही एवढंच बघायचं होतं. तो आला. सूं करून आला आणि येतच राहिला. भोक असतं तर तो तीन दिवसांत निघून गेला असता. हा तर हवा त्यापेक्षा कितीतरी जास्त होता. जास्त झालेला गॅस पातळ होऊन मशीनच्या पोटात शिरला होता आणि त्यानेच ते जाम केलं होतं. माझी बोटं त्या धारेत होती. पांढरी पडत होती आणि मला काही कळत नव्हतं. चूक काय झाली आणि ती का झाली, हे दोन्ही मला एकदमच कळलं.

तेव्हा झाकण परत लावता आलं असतं. मी ते लावलं नाही. सगळा गॅस जाऊ दिला. त्याला रंग नाही, गेल्यावर मागे काही राहत नाही. साहेब आले तेव्हा मशीन रिकामं होतं. पाठोपाठ मिलिंद आला. मी त्याच्याकडे न बघता म्हणालो, "गॅस नाहीच आत. टाका सुटला तुझा."

मी आधीपासून ठरवून बोललो नव्हतो. तोंडातून ते सरळ निघालं, घड्याळात किती वाजले सांगावं तसं. साहेबांनी मग जे बोलायचं ते मिलिंदला बोलून घेतलं. माप तपासायला बसलेल्या चार मुली माना खाली घालून ऐकत होत्या. शेवटी साहेबांनी सांगितलं की हा माणूस पुन्हा गेटमधून आत येता कामा नये. संध्याकाळपर्यंत खिडकीत नवा एसी बसला आणि जुना भंगारात गेला, त्यामुळे टाका तपासून बघायचा प्रश्नच उरला नाही. मग आम्ही मोटरसायकलवर परत निघालो. मोशीच्या पुढे मागून मिलिंद म्हणाला, "भाऊ, मी फेस लावून बघितलं होतं. बुडबुडा नव्हता." मी म्हणालो, होतं असं, मशीनच्या हादऱ्याने सुटतो कधी कधी.

मला लाज वाटायला हवी होती. त्या रात्री मी जेवलो, झोपलो. सकाळी तीन बोटांवर फोड आले होते, शोभाने हळद लावली. उरलेल्या सीझनमध्ये मिलिंद टाका मारला की फेस तीन तीनदा लावायचा. मग मलाही बघायला सांगायचा. मी वाकून बघायचो आणि बरोबर आहे म्हणायचो. पावसाळ्याच्या तोंडावर त्याने चाकणला एका कंपनीत लाइनवर काम मिळाल्याचं सांगितलं, नट आवळायचं, शिफ्टचं. मी म्हणालो चांगलं आहे, पीएफ मिळेल. त्या मापांच्या खोलीत मी नंतर दोन सीझन सर्व्हिसिंगला गेलो. वहीत माझं नाव चालत होतं.

मिलिंद काम सोडून गेल्यावर मी डॉक्टरकडे गेलो. त्यांनी डोळे मिटायला सांगितले आणि म्हणाले, टाचणी लागली की सांगा. मी वाट बघत बसलो. बऱ्याच वेळाने मी विचारलं की सुरू कधी करणार, तर ते म्हणाले, दोन्ही हात झाले. गोळ्या बदलल्या, पथ्य आलं. बोटं होती तशीच राहिली. मग मी नळीला चिमट्याने लावायचा छोटा थर्मामीटर घेतला आणि मीटर पिशवीतून बाहेर काढलं. लोकांना सांगायचो की आता नवीन पद्धत आलीय. लोकांना ते बरं वाटलं. काटा फिरताना दिसला की त्यांचा विश्वास बसतो.

गुरुवारी मी मिलिंदच्या घरी गेलो. पिंपरीत, दुसऱ्या मजल्यावर. दार रेखाने उघडलं, त्याच्या बायकोने. लग्नात पाहिलं होतं तिला, त्यानंतर आत्ताच. तिने पाणी दिलं आणि चहा ठेवायला आत गेली. मिलिंद थोडा सुटला होता, कानाजवळ केस पांढरे झाले होते. मशीन आम्ही दोघांनी मिळून खिडकीतून ओढलं, पूर्वीसारखं एकाच वेळी उचलून. गॅस कमी झाला असेल, तो म्हणाला. मागची जाळी पाहिली तर कापसाची गादी जमली होती. आधी ते कुठल्या तरी शिलाईच्या कारखान्यात असावं. गॅलरीत नेऊन पंपाने पाणी मारलं, लगदा बादलीत पडत गेला, अल्युमिनियमच्या पात्या उघड्या पडल्या. वाकलेल्या पात्या मिलिंदने कंगव्याने सरळ केल्या. एवढ्याला त्याने हात लावला. वाळवून बसवलं, चालू केलं. मी नळीला थर्मामीटरचा चिमटा लावला आणि विजेच्या तारेवर मीटर अडकवलं. गॅस पुरेपूर होता.

मिलिंद त्या चिमट्याकडे बघत होता. म्हणाला, "भाऊ, तुम्ही मीटर लावता?"

नवीन पद्धत आलीय, हे वाक्य माझ्या तोंडात तयार होतं. चार वर्षं ते मी रोज बोललो होतो. का कोण जाणे, त्याला नाही बोललो. मी त्याला बोटांचं सांगितलं, चपलेपासून टाचणीपर्यंत. तो ऐकत होता. मग बाकीचंही सांगितलं.

"टाका सुटला नव्हता, मिलिंद. गॅस मी जास्त भरला होता. तू गेटवर होतास तेवढ्यात मी तो सोडून दिला."

मशीन चालू होतं, खोली गार व्हायला लागली होती. मी त्याच्या शिव्यांची वाट बघत होतो. त्याने मला हाताला धरून बाहेर काढलं असतं तर मला सोपं गेलं असतं. तो खाली बघत होता, मनात काहीतरी जुळवत असल्यासारखा.

"म्हणजे आत गॅस होता?" त्याने विचारलं.

होता, मी म्हणालो.

"किती?"

"खूप. सुटताना संपता संपत नव्हता."

"तीन दिवस मशीन चालून?"

"तीन दिवस चालून."

तो उठला. माझ्याकडे त्याने बघितलंही नाही. स्वयंपाकघराच्या दारात जाऊन उभा राहिला. आत रेखा कपात चहा गाळत होती.

"रेखा," तो म्हणाला, "टाका धरला होता."

तिने गाळणी तशीच हातात धरून त्याच्याकडे पाहिलं. कुठला टाका, असं तिने विचारलं नाही.